गाठी धरल्या का?

दिवाळीच्या तोंडावर माझी नोकरी गेली. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. एका सकाळी आमच्या सगळ्या टीमला एका खोलीत बोलावलं, दोन गोड वाक्यं बोलून झाली आणि दुपारपर्यंत आमची कार्डं दारावर चालेनाशी झाली.

हिंजवडीजवळच्या नांदे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिले काही दिवस मी कपाटं आवरली. मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. नवरा ऑफिसला गेला की गॅलरीत उभी राहायचे, आत यायचे, माझा जुना लॅपटॉप उघडायचे, एखादा अर्ज करायचे आणि लगेच उत्तर आलं का ते बघायला मेल उघडायचे. समोरच्या शेवटच्या उरलेल्या वावरात जेसीबी चालू होता, तो थांबला तरी मला चैन पडायचं नाही आणि चालू असला तरी नाही. शेवटी नवराच म्हणाला, "थोडे दिवस गावाला जा. दादांचा गुडघा नवा बसवलाय, आई एकटी पुरी पडत नाही."

गाव आमचं मुठा खोऱ्यात. नवरा ज्यांना दादा म्हणतो त्या सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. दांडगा माणूस, सगळं आयुष्य गुडघाभर चिखलात गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यंदा भातखाचरात पाय ठेवायचा नाही, ओल्या बांधावरून चालायचं नाही. त्यामुळे भातकापणी चालू असताना ते अंगणातूनच ओरडत होते. "ए, ती पेंढी वल्यात ठिऊ नका!" तिकडे कोणाला ऐकू जात नव्हतं. मग काठी जमिनीवर आपटायची, उठायचं, दोन पावलं जायचं, आत्यांनी डोळे वटारले की परत बसायचं. त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आणि त्यांनीही बहुतेक माझ्याइतकी अस्वस्थ सून पाहिली नसावी, कारण दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "पोरी, तू जरा बस की एका जागी. तुझ्याकडं बघून माझा गुडगा दुकाया लागला."

भात निघालं आणि खाचर मोकळं झालं. कापलेल्या धसकटांत अजून ओल होती, माती पायाला गार लागायची. मी विचारलं, "आता यात काय पेरायचं?"

"काय न्हाई. वाल टाकतो दारापुढं. खाचर ऱ्हातं तसंच."

"हरभरा टाकू या ना."

मामा हसले. "हितं हरभरा व्हत न्हाई. मी पेरून बघितलाय जवानीत. वीतभर वाढतो, पिवळा पडतो. घाटा दाबला की नुसती हवा. ही तुमची काळी माती न्हाई, लातूरची."

माझं माहेर लातूरकडचं, म्हणून हा टोमणा. आमच्याकडे थंडीत दूरवर हरभराच हरभरा असतो. सकाळच्या दवात आई त्यावर पांढरं फडकं अंथरायची आणि पिळून त्याची आंब काढायची, पोटदुखीवर. एवढी ओल अशी फुकट जाऊ दिली असती तर माझे वडील दोन दिवस जेवले नसते. मी बांधावर उभी राहून ते रिकामं खाचर बघत राहायचे. पाणी आहे, माती आहे, आणि कोणी काही करत नाही. तेव्हा मला वाटलं होतं की मी खाचराबद्दलच विचार करते आहे.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या कृषी सहायक बाई गावात आल्या होत्या. माझ्याहून लहान असतील, स्कूटीवर फिरायच्या. आत्यांनी त्यांना चहाला बोलावलं. मी विषय काढला, तसं त्यांनी मामांनाच विचारलं, "हरभरा उपटला होतात तेव्हा मुळं पाहिली होती का?"

"मुळं कशाला बघायची? मुळं काय खायची असत्यात?"

बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. कडधान्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला खायला घालतात. पण प्रत्येक कडधान्याचे जिवाणू वेगळे. वालाचे हरभऱ्याला चालत नाहीत. या खाचरात कधी हरभरा टिकलाच नाही, मग त्याचे जिवाणू मातीत असणार कुठून? ते बियाण्याला चोळून घालावे लागतात. दुसरी गोष्ट, इथला पाऊस. एवढ्या पावसानं माती आंबट झालेली असते, आणि अशा मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. म्हणून पेरताना बियाण्याच्या खाली सुपर फॉस्फेट द्यायचं.

"म्हंजी दोन औषधं," मामा म्हणाले. "आणि त्यातलं कुठलं लागू पडलं, ते कसं कळायचं?"

प्रश्न बिनतोड होता. मला तो ऐकून आनंदच झाला. माझं सगळं काम याच प्रश्नावर चालायचं. बाई म्हणाल्या, "चार पट्टे करा. एकात काहीच नाही, एकात नुसतं सुपर, एकात नुसते जिवाणू, एकात दोन्ही."

"वावर हाय का परीक्षेचा पेपर?" असं मामा म्हणाले खरे, पण बाई गेल्यावर काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि बराच वेळ खाचराकडे बघत उभे राहिले. रात्रीची भाकरी खाताना अचानक म्हणाले, "पट्टे उताराला आडवे नगं. उभे करा. न्हाईतर खालच्याला वल जास्ती मिळंल आणि त्योच शाना ठरंल."

मग धावपळ सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला फार बरे गेले. चुलत दिरानं पॉवर टिलर फिरवून दिला. सुपरची गोणी पौडला मिळाली. जिवाणूंची पाकिटं मात्र दुकानात होती ती सोयाबीनची. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ताई, जिवाणू तो जिवाणूच." मी नको म्हणून परत आले. इकडे ऊन चढत होतं, मोकळ्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. मामा दर सकाळी मला पाठवायचे, "बोट घालून बघ, वल कुटवर हाय." मी बोट घालायचे. पहिल्या दिवशी पहिल्या पेरालाच गार लागलं होतं, मग दुसऱ्या पेराला लागायला लागलं. मी नवऱ्याला फोन केला, की पुण्याहून हरभऱ्याचं पाकीट आजच्या आज आण, हवं तर सुट्टी घे.

त्यानं सुट्टी घेतली नाही. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाकिटं घेतली, गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आणि गाडी दिवसभर उघड्या पार्किंगमध्ये उन्हात उभी राहिली. संध्याकाळी तो गावाला पोचला तेव्हा मी दार उघडून पाकीट हातात घेतलं. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं ते गरम होतं.

"यावर लिहिलंय की थंड जागी ठेवा," मी म्हणाले.

"अगं, ते सगळ्याच औषधांवर लिहितात."

"हे औषध नाही. यात जिवंत आहेत ते."

तो पाकिटाकडे बघत राहिला. आत काळी भुकटी, दगडी कोळशासारखी. त्यात कोणी जिवंत आहे की नाही हे कोणाला, कसं दिसणार? मी कृषी सहायक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काही मेले असतील, काही जिवंत असतीलही. आता ओल घालवू नका, पेरून टाका. महिन्याभरानं एखादं रोप उपटून बघा. गाठी असतील तर कळेलच."

महिनाभर! त्या रात्री नवरा पाकिटं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी गुळाचं पाणी उकळून गार केलं. आधी आम्ही जिवाणू न लावलेले दोन पट्टे पेरून घेतले, म्हणजे हाताला लागून भलतीकडे काही जायला नको. मग हरभरे परातीत घेऊन त्यावर गुळाचं पाणी आणि ती काळी भुकटी घातली. बाईंनी बजावलं होतं, हलक्या हातानं, साल निघता कामा नये. आत्या लाडवाचं पीठ फिरवावं तसा हात फिरवत होत्या. हरभरे काळे झाले, उडदासारखे. सावलीत गोणपाटावर पसरून सुकवले आणि लगेच पेरायला नेले. मामा बांधाच्या अलीकडे खुर्चीत बसून सांगत होते, "सुपर खाली, त्यावर माती, मग बी. एकमेकाला चिकटू देऊ नगा." चारी पट्ट्यांच्या तोंडाशी आत्यांनी जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या. काहीच नसलेल्याला पांढरी, नुसत्या सुपरला पिवळी, नुसत्या जिवाणूंना निळी, दोन्हींना लाल.

आणि मग करायला काही राहिलं नाही.

उगवण सगळीकडे सारखीच झाली. मुठेच्या खोऱ्यात थंडी उतरली, सकाळी धुकं खाचरावर बसून राहायचं. मी आंब्याखाली लॅपटॉप घेऊन बसायचे, कारण रेंज तिथेच यायची. मुलाखती सुरू झाल्या होत्या. पलीकडून कोणीतरी विचारायचं की मोठ्या टीममध्ये मतभेद झाले तर तुम्ही काय करता, आणि मी उत्तर देता देता लाल चिंधीकडे बघत असायचे. मुलाखत संपली की मी उठून सरळ खाचरात जायचे आणि एक रोप उपटायचे. पांढरं, सरळ मूळ. काही नाही. खळग्यात माती ढकलायची, रोप कुर्त्याच्या घोळात लपवायचं आणि आंब्यामागच्या खड्ड्यात टाकून द्यायचं. मला माहीत होतं की अजून वेळ आहे. बाईंनी महिना सांगितला होता, आणि मी लहान नव्हते. पण एखाद्या कंपनीकडून "आम्ही कळवू" असं आलं की माझे पाय तिकडेच वळायचे. निदान इथे तरी आत्ता कळू दे, असं वाटायचं.

पुढे पुढे मी मुलाखत नसतानाही जायला लागले. निळ्या पट्ट्यातलं एक, लालमधलं एक. कधी मूळ तुटून मातीतच राहायचं आणि मग त्याची खात्री न झाल्यामुळे आणखी एक. तंतुमुळावर मोहरीएवढं काहीतरी दिसलं की मी ते उन्हात धरायचे. बोटानं पुसलं की ती माती निघायची.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की लाल पट्ट्यात विरळ झालंय. मी उपटलेल्यापेक्षा जास्त जागा रिकाम्या होत्या. बुडाशी माती उकरलेली. मी आत्यांना म्हणाले, "डुकरं येतात वाटतं."

आत्या चुलीवरून मान न वळवता म्हणाल्या, "व्हय. दोन डुकरं हायेत. येक पँट घालतंय."

मला वाटलं, बोलणं फक्त मलाच आहे. दुसरं कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

मग ती मुलाखत आली. एका चांगल्या कंपनीची, शेवटची फेरी. आदल्या दोन्ही फेऱ्या छान झाल्या होत्या. सकाळी आत्या देवळाकडे गेल्या होत्या. मी केस नीट विंचरून, वर कुर्ता आणि खाली घरातली पँट घालून आंब्याखाली बसले होते. समोर स्क्रीनवर तीन माणसं. एक बाई विचारत होत्या की पुढच्या काही वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी तोंड उघडलं, आणि खाचरातून आवाज आला, "आयो!"

मग काहीच नाही.

मी लॅपटॉप तसाच मिटला. काय बोलून मिटला, की न बोलताच, ते आठवत नाही. धावत गेले तर लाल आणि निळ्या पट्ट्यांच्या मधे मामा कुशीवर पडलेले. काठी लांब गेलेली. डॉक्टरांनी ज्या मातीत पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं होतं, त्या मातीत उजवा हात अंगाखाली दुमडलेला.

"मामा! हलू नका. कुठं लागलं? गुडघा?"

"गुडग्याला काय धाड भरलीया? आदी ह्ये बघ."

त्यांनी डावा हात वर केला. त्यात हरभऱ्याचं एक रोप होतं, मातीच्या ढेकळासकट. त्यांनी ते झटकलं. मुळांवर गाठी होत्या. मुख्य मुळाला चिकटून, बाजरीच्या दाण्यासारख्या, काही त्याहून मोठ्या, काही जोडीजोडीनं. मी गुडघ्यावर बसले आणि एक गाठ नखानं फोडली. आतून ती गुलाबी होती.

"गुलाबी हाय का?" त्यांना पडल्या जागेवरून नीट दिसत नव्हतं. "बाई म्हनल्या हुत्या, गुलाबी असली तर जित्ती."

"गुलाबी आहे, मामा."

"जित्ते हायेत गं!" त्यांनी रोप हवेत नाचवलं. "गाडीत भाजून निघाले, तरी जित्ते हायेत."

आणि मी, त्यांना उठवायच्या आधी, त्यांचा हात बघायच्या आधी, विचारलं, "कुठल्या पट्ट्यातलं?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मग हसायलाच लागले, आणि हसताना हात दुखला म्हणून कळवळले, आणि परत हसले. "लालमदलं. निळ्यातलं आदुगर उपटलंय, तिकडं पडलंय बघ. त्याला बी हायेत, पन बारीक हायेत."

मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती दिवसांत मला कशाचं उत्तर मिळालेलं नव्हतं. त्या थंड मातीत सासरा आडवा आणि सून शेजारी फतकल मारून बसलेली, दोघं एका मुळाकडे बघतायत, असं आम्हाला आत्यांनी येऊन पाहिलं. प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातातून पडला.

त्या दिवशी त्या जे बोलल्या ते सगळं इथे लिहिता येणार नाही. "त्या गाठीपायी स्वताची हाडं मोडून घ्या तुमी! आन् ही, शिकल्याली! बापावानी मानूस पडलाय आन् ही मुळ्या बघतिया!" मी मामांची लांब पडलेली काठी उचलून आणली.

चुलत दिराच्या गाडीतून आम्ही मामांना दवाखान्यात नेलं. नवा गुडघा शाबूत होता. उजव्या मनगटाचं हाड चिरलं होतं, प्लॅस्टर घालावं लागलं. वाटेत नवऱ्याचा फोन आला, आत्यांनी 'दादा पडले' एवढंच कळवल्यामुळे तो घाबरलेला होता. त्याला काय झालं ते सांगायच्या आधी मामांनी माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "तुजी पाकिटं मेली न्हाईत रं." पलीकडून त्यानं दोनदा विचारलं, "गाठी धरल्या का? नक्की?" तेव्हा मला जाणवलं की इतके दिवस तोसुद्धा ते ओझं घेऊन ऑफिसला जात होता, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

मुलाखतीच्या कंपनीला मी संध्याकाळी मेल केली की घरी अपघात झाला होता. त्यांच्याकडून काही आलं नाही. मी आणखी एकदा लिहिलं. तेव्हाही नाही.

प्लॅस्टरनंतर आत्यांनी फतवा काढला की घाटे भरेपर्यंत त्यांच्याशिवाय कोणी खाचरात उतरायचं नाही. आम्ही दोघं अंगणात बसून लांबून बघायचो. पण आता लांबूनही दिसत होतं. पांढऱ्या चिंधीचा पट्टा मामांनी जवानीत पाहिला होता तसाच, खुजा आणि पिवळट. नुसत्या सुपरचा पहिल्यांदा जोरात वाढला, मला तर तोच पुढे जाणार असं वाटलं होतं, पण फुलं लागायच्या सुमाराला त्याची खालची पानं पिवळी पडायला लागली. निळ्याचा रंग चांगला, अंगानं मात्र बारीक. आणि लाल पट्टा, आम्ही दोघांनी मिळून इतका उपटून टाकल्यावरही, रिकाम्या जागा झाकून काळपट हिरवा उभा होता. कृषी सहायक बाई येऊन गेल्या, त्या म्हणाल्या, जिवाणूंना काम करायलाही स्फुरद लागतं. ते नसलं तर गाठी धरतात पण पोसत नाहीत.

"म्हंजी नुसतं मानूस आनून भागत न्हाई," मामा म्हणाले, "त्याला जेवाया बी घालावं लागतंय."

थोडे दिवस आभाळ आलं, घाटे अळी पडली. आत्यांनी निंबोळीचा अर्क मारला, मी पाठीवरचा पंप भरून देत होते. त्या काळात मामांना झोप लागायची नाही. मलाही नाही. पहाटे मी ओट्यावर यायचे तर ते आधीच खुर्चीत. कधी तरी ते म्हणायचे, "पाऊस येतुया का काय." कधी मी म्हणायचे, "वारं पडलंय." पाऊस आला नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तुला हितं करमतंय का गं?" मी खरं ते सांगितलं, की मला कुठेच करमत नाही. त्यांनी मान हलवली. "मलाबी न्हाई. ह्या खुर्चीत बसल्यापासनं न्हाई. दुसऱ्याला वाटतं, म्हातारा आराम करतोय."

शनिवारी-रविवारी फार्महाऊसकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर थांबायला लागल्या. ओला हरभरा मिळेल का म्हणून विचारायच्या. आत्या पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यातला उपटून जुड्या बांधून द्यायच्या. लालला हात लावू देत नव्हत्या, कोणालाच.

घाटे वाळायला लागले तेव्हा मला नोकरी मिळाली. ज्या कंपनीकडून मी आशाच ठेवली नव्हती, तिच्याकडून. होळीनंतर रुजू व्हायचं होतं, परत हिंजवडीलाच. आत्यांनी गूळ हातावर ठेवला. मामा "ब्येस झालं" म्हणाले आणि होळीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजायला लागले. मला आनंद झाला होता, पण तो आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. रात्री पाठ टेकली की डोक्यात दोन्ही चालू व्हायचं, नव्या कामाची धास्ती आणि लाल पट्टा वाऱ्यानं लोळला तर.

होळीच्या आदल्या रविवारी आम्ही काढणी केली. नवरा आला होता. त्यानं कापणीला हात लावला, आणि काही न बोलता लाल पट्टा स्वतःकडे घेतला. चारी पट्टे वेगळे कापले, ताडपत्रीवर वेगळे वाळवले, काठीनं वेगळे बडवले. मामांचं प्लॅस्टर निघालं होतं, ते डाव्या हातानं काठी धरून बडवत होते आणि या वेळी कोणी त्यांना अडवलं नाही. आत्यांनी वाऱ्यावर सुपानं उफणलं. दुपारनंतर अंगणात चार राशी पडल्या.

पांढऱ्या चिंधीची रास सुपाच्या तळाएवढी. नुसत्या सुपरची आणि नुसत्या जिवाणूंची जवळजवळ सारखी, कोणती मोठी ते बघणाऱ्यावर होतं. लालची त्या दोघींना एकत्र केलं तरी वर उरेल अशी. दाणाही तसाच, टपोरा, मुठीत घेतला तर वजन लागणारा. मी लातूरची आहे, मला हरभऱ्याची पारख आहे. आमच्याकडचा म्हणून खपला असता.

मामांनी निळ्या राशीतला दाणा दातानं फोडला आणि म्हणाले, "पिवळ्यापरास निळा सरस हाय. सुपर न्हाई टाकलं तरी चालंल."

"कसं चालेल?" मी म्हणाले. "पिवळ्यातल्या जुड्या आत्यांनी लोकांना विकल्यात. तो मुळातच कमी भरला. वजन करून, किती रोपं उपटली ते धरून हिशेब करायला पाहिजे. शिवाय लालमधली आपण दोघांनीच—"

"त्ये सोड. डोळ्याला काय दिसतंय? निळाच सरस."

"डोळ्याला दिसतं ते खरं नसतं, मामा."

"मग काय खरं असतंय, तुजा लॅपटॉप?"

नवरा मधे पडला, की शेजारून वजनकाटा आणतो. आम्ही दोघंही त्याच्यावर ओरडलो, की मग आण ना, बसलायस कशाला. तो उठला, चपला शोधायला लागला. मामा मला निळ्यातला दाणा दाखवत होते, मी त्यांना लालमधला दाखवत होते. आमच्या मागे सळसळ झाली. वळून बघितलं तर आत्या खराटा घेऊन चारी राशी एकत्र लोटत होत्या. पांढरी पिवळीत गेली, पिवळी निळीत, आणि मग सगळ्याचा एकच ढीग झाला.

"आगं, आगं!" मामा ओरडले. "आमचा अजून निकाल लागायचाय!"

"लागला," आत्या म्हणाल्या. त्यांनी गोणीचं तोंड माझ्यासमोर धरलं. "धर नीट. आन् दोघंबी वाईच सरका, दाणं पायाखाली येत्यात."

मी गोणी धरली. आत्या सूप भरभरून ओतत होत्या. धुळीनं माझ्या नाकातोंडात आंबूस वास गेला, हरभऱ्याच्या पाल्याचा. मामा अजून पुटपुटत होते, की पुढच्या साली सहा पट्टे करायचे, आंबट मातीसाठी चुन्याचे दोन, कडेनं थोडा वाटाणा, आणि हिला सुट्टी मिळत असंल तर शनवार-रविवार धरूनच पेरायचं. मी म्हणाले, "वाटाणा घ्यायचा असेल तर त्याचे जिवाणू वेगळे लागतील." "म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, "ते कुटं मिळत्यात?"